महिना अक्षरात

सॅमीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि पाकिटांवर नावं घालायचं काम, कुणी न सांगता, ग्रेसीकडे आलं. घरात कुणाचंही लग्न निघालं की हे काम तिचंच. सॅमी तिच्या मुलीचा मुलगा; त्याच्या आईच्या लग्नाची पाकिटंही तिनेच लिहिली होती. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी हात थोडा कापायचा, पण पेन कागदाला टेकलं की तो शहाण्यासारखा थांबायचा.

मे महिन्याची पाच तारीख, सोमवार. नंदाखाल गावातल्या घराच्या पडवीत दुपारी केळीच्या वाडीतला वारा येतो, म्हणून तिने टेबल तिथेच मांडून घेतलं होतं. समोर नात जोआना यादी घेऊन बसली होती. तिने नाव वाचायचं, आजीने लिहायचं, शाई वाळली की पत्रिका आत सारायची, असा दोघींचा कारखाना सकाळपासून चालला होता.

"शत्रुघ्न पाटील आणि परिवार," जोआना म्हणाली. "हे कोण ग?"

"कमळीचा मुलगा. खाडीकडचे ते. कमळी आमच्या बाबांच्या शेतावर भाताच्या लावणीला यायची." ग्रेसीने नाव लिहिलं आणि पेन तसंच वर धरलं. "तिच्यासारखी रोपं लावणारी दुसरी बघितली नाही मी. एकदा वाकली की समोरच्या बांधाला पोचेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. आणि तोंड सारखं चालू."

"तूपण लावणी केलीस?"

"मग? चिखल काय डिग्री विचारतो?"

जोआना हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. फोन तिने टेबलावर पालथा ठेवला होता. दर पाच मिनिटांनी ती तो उलटायची, बघायची आणि पुन्हा पालथा घालायची. ग्रेसीने एकतीस वर्षं वकिलाच्या कचेरीत टायपिंग केलं होतं. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याच्या हातांवरून ओळखायची तिला सवय लागली होती.

तसं जोआनाच्या मनात काय आहे ते सगळ्या घरालाच माहीत होतं. ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचा कोर्स चार वर्षांचा. आणि डिग्री हातात यायच्या आधीच तिने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. ग्रेसीला ते पहिल्यांदा ऐकून गंमत वाटली होती. पंगत बसायच्या आधीच पान वाढून मागण्यासारखं. मग जोआनाने समजावलं, की आता निवड झाली तर जागा पक्की. त्यानंतर कॉलेजचं उरलेलं वर्ष पुरं करायचं, दोन वर्षं कुठेतरी नोकरी करायची आणि मगच जायचं. तोवर ते जागा राखून ठेवतात. डिफर्ड ॲडमिशन म्हणतात त्याला.

"डिफर्ड," ग्रेसी म्हणाली होती. "म्हणजे तारीख पडली म्हण की."

तिला वाटलं होतं की हा गोड शब्दांत नकारच आहे. वसईच्या कोर्टात तिने एवढंच बघितलं होतं. तारीख पडायची, अशील छत्री उचलून घरी जायचं, पुन्हा तारीख पडायची. वाटणीच्या दाव्यात भावाभावांचे केस पांढरे व्हायचे आणि ज्या वाडीसाठी भांडायचे तिथे एखादी इमारत उभी राहायची.

"तसं नाही, आजी. ते आपल्यासाठी थांबतात."

थांबतात, हेही ग्रेसीने एकदा ऐकलं होतं.

अर्जाबरोबर स्वतःविषयी चार पानं लिहायची होती. जोआनाने गावातल्या बावखलाविषयी लिहिलं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं. आगाशीपासून खाली पूर्वी वाडीवाडीत असायचं. ते जेव्हा कुणीतरी डंपरने माती टाकून भरायला घेतलं, तेव्हा बारावीतल्या जोआनाने तक्रारीचा मजकूर लिहिला, आजीने कपाटावरचा जुना टाइपरायटर खाली काढून तो टाइप केला आणि दोघी रिक्षाने कचेऱ्या फिरल्या. अर्धं बावखल वाचलं. उरलेल्या अर्ध्यावर आता मोटारी उभ्या राहतात.

निवडीचं पत्र फोनवर आलं ते गुड फ्रायडेच्या पहाटे. जोआना ओरडत स्वयंपाकघरात आली. तिची आई सालोमी म्हणाली, "आज नाही बाई, आज दुखवट्याचा दिवस. ईस्टरला काय ते करू." म्हणून दोन दिवस सगळं घर आनंद दाबून वावरलं, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर सालोमीने केक कापला.

पण केक संपला तसा आनंदही उतरला. जोआनाचा बाप ॲल्रॉय, ग्रेसीचा मुलगा, जेवताना म्हणाला, "तीन वर्षांनंतरचं कुणी बघितलंय? वकील काय आपल्याकडे होत नाहीत?" तो वाईट म्हणाला नव्हता, एकुलत्या एका मुलीचा बाप म्हणाला होता. जोआना त्यावर भांडली नाही, आणि ग्रेसीला तेच खटकलं. जी पोर बावखलासाठी साहेबाच्या टेबलापुढून हलली नव्हती, ती बापापुढे भात चिवडत बसली.

"कळवलंस का ग त्यांना?" ग्रेसीने आता विचारलं. "होय की नाही?"

"पाच जूनपर्यंत मुदत आहे. आज पाच मे. बरोब्बर एक महिना."

"नाही कळवलं तर?"

"तर जागा जाते. दुसऱ्याला देतात." जोआनाने एक पत्रिका पाकिटात सारली. "आजी, तू नको ना मागे लागू. आधी सॅमीदादाचं लग्न उरकू दे, मग निवांत बसून ठरवते. जागा माझी आहे, पत्र माझ्याकडे आहे. कोण खातंय ती?"

ग्रेसीचं पेन पाकिटावर टेकलेलंच राहिलं. शाईचा निळा ठिपका वाढत वाढत वाटाण्याएवढा झाला.

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शब्द तेच होते, फक्त तेव्हा लग्नाच्या जागी लावणी होती.

ती बी.ए. झाली एकोणसत्तर साली. आगाशीहून एसटीने विरारला आणि तिथून मुंबईला, अशी चार वर्षं रोज ये-जा करून. तेव्हा पहाटे चालताना दोन्ही बाजूंना नुसत्या केळी असायच्या आणि रहाटाचा आवाज. मुली शिकून फार तर शिक्षिका व्हायच्या. ग्रेसीने मुंबईच्या लॉ कॉलेजात अर्ज टाकला आणि तिला जागा मिळाली. मिस्सेनंतर फादरांनी बापाचा हात हातात घेतला होता.

आणि त्याच महिन्यात बाबा माडावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ग्रेसी थोरली, भाऊ लहान. ती लॉ कॉलेजच्या प्राचार्यांना जाऊन भेटली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पत्र लिहून दिलं, की ही जागा एक वर्ष राखून ठेवली आहे, पुढच्या वर्षी पंधरा जूनच्या आत येऊन नाव नोंदवावं. पांढरा जाड कागद, खाली जांभळा शिक्का. ग्रेसीने तो ट्रंकेत, आईच्या लाल लुगड्याच्या घडीत ठेवला.

वर्ष सरलं. बाबा काठी घेऊन चालू लागले. सत्तर सालचा जून आला आणि पेरणी झाली. ग्रेसी म्हणाली, "बाबा, मला जायचंय." बाबा म्हणाले, "जा की. लावणी उरकू दे, मग जा. जागा तुझी आहे, कागद तुझ्याकडे आहे. कोण खातंय ती?"

कागदावरची तारीख तिने वाचली नव्हती असं नाही. पाठ होती तिला. पण ज्या गावात ती वाढली तिथे तारखेने काहीच होत नसे. लावणी उरकली की जायचं, भात झोडलं की द्यायचं, जत्रा झाली की बोलायचं. मुदत म्हणजे हातातलं काम उरकेपर्यंत. शब्द दिलेला माणूस काम उरकेपर्यंत थांबतो, एवढंच तिला माहीत होतं, आणि प्राचार्यांनी तर शब्द दिला होता. चिखलात शेजारी वाकलेली कमळीसुद्धा म्हणाली, "बाय, तुजी जागा काय पान्यात वाहून जानार हाय?"

वीस जुलैला ती गेली. नखांत अजून चिखल होता. खिडकीतल्या कारकुनाने पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. तो हळूच म्हणाला, "बाई, मुदत पंधरा जूनला संपली. सोळा तारखेला ती जागा दुसऱ्याला दिली." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"आजी, डाग पडला," जोआना म्हणाली.

ग्रेसीने पेन उचललं. पाकीट बाजूला ठेवलं. मग चष्मा काढून तोही ठेवला.

"जो, मी वकील का झाले नाही, ते तुला काय माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. आजोबांशी लग्न ठरलं म्हणून."

"कोण सांगतं असं?"

"आजोबाच सांगायचे. प्रत्येक लग्नात." जोआनाने ज्युलियस आजोबांसारखी मान तिरकी केली आणि आवाज जाड केला. "‘हिला मी वकील होऊ दिलं नाही. नाहीतर घरात रोज खटला हरलो असतो.’"

ग्रेसी हसली. नऊ वर्षं झाली ज्युलियसला जाऊन, तरी त्या जाड आवाजाने पडवी क्षणभर भरली.

"ते खोटं आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. बाबांचं हाड, जांभळा शिक्का, लावणी, खिडकीतला कारकून. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती की मला नको वाटलं, माझं मन बदललं. बाबांना कळलं असतं तर ते काठी टाकून पुन्हा अंथरुणाला लागले असते. सहा महिन्यांनी ज्युलियसशी लग्न झालं आणि मावश्यांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. पोरगी हुशार होती हो, पण लग्नात अडकली. ग्रेसीने ते खोडलं नाही. सोयीचं होतं.

"आणि आजोबांनी लोकांचं हे बोलणं ऐकून घेतलं?"

"ऐकून घेतलं कसलं. गोष्ट आपल्या नावावर करून घेतली त्यांनी. लोक हसायचे आणि विषय संपायचा." ग्रेसी बाहेर केळीकडे बघत राहिली. "तुझा बाप दोन वर्षांचा होता तेव्हा ते एकदा मुंबईहून लॉ कॉलेजचा नवा फॉर्म घेऊन आले. बोलले काही नाहीत. माझ्या टाइपरायटरखाली सारून ठेवला. कोपरा तेवढा बाहेर."

"मग?"

"मी म्हटलं, पोर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी फॉर्म तिथेच होता. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एकदा मी त्याच्यावर वाण्याची यादी लिहिली."

जोआनाने यादीचा कागद चुरगळून बारीक केला होता.

"तुला अमेरिकेला जा असं मी म्हणत नाही," ग्रेसी म्हणाली. "तुझा बाप म्हणतो त्यातही तथ्य आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण तू म्हण. तारखेला म्हणू देऊ नकोस."

"महिना आहे ना अजून."

"दाखव मला ते पत्र."

"फोनवर बारीक दिसेल तुला."

"मोठं करून दाखव. बोटांनी ताणता ना तुम्ही, तसं ताण."

जोआनाने फोन सुलटा केला, पत्र उघडलं, ताणलं आणि आजीपुढे धरलं. ग्रेसीने चष्मा पुन्हा चढवला. तिने ते पत्र अशिलाचा कागद वाचावा तसं वाचलं, म्हणजे मजकूर सोडून आधी कडा: वर काय, खाली काय, सही कुणाची. गॉडफ्रे वकिलांची शिकवण होती ती. माणिकपूरच्या त्यांच्या कचेरीत ती लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "ग्रेसीबाई, तारीख घालाल तेव्हा महिना अक्षरात. आकडा उलटा वाचता येतो, अक्षर उलटं वाचता येत नाही." एकतीस वर्षांत तिने एकाही कागदावर महिना आकड्यात घातला नव्हता. कचेरीतली पोरं चिडवायची, की बाई दुधाच्या हिशेबातसुद्धा ‘ऑगस्ट’ लिहितात.

"हे पत्र तुला कधी आलं?" तिने विचारलं.

"गुड फ्रायडेला. अठरा एप्रिल. म्हणजे त्यांच्याकडे सतरा."

"इथे वर काय लिहिलंय? माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

जोआना वाकली. "शून्य चार, तिरकी रेघ, सतरा, रेघ, पंचवीस."

"सतरावा महिना कुठला ग?"

"सतरावा कसा असेल? ते आधी महिना लिहितात, आजी. चार म्हणजे एप्रिल, मग सतरा तार..."

तिचं वाक्य तिथेच तुटलं. ग्रेसीने बोटाने पत्र वर सरकवलं. खाली, जिथे मुदत लिहिली होती, तिथे होतं शून्य पाच, तिरकी रेघ, शून्य सहा.

वाडीत कुठेतरी पंप सुरू झाला. जोआना त्या आकड्यांकडे नुसती बघत होती.

"सहा मे," ती म्हणाली. आवाज लहान झाला होता. "उद्या. मला माहीत होतं ग ते असं लिहितात. मला माहीत होतं. पहाटे वाचलं, फोनमध्ये पाच जूनची आठवण लावली आणि पुन्हा बघितलंच नाही."

"बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाहीस. माझी तारीख तर मला पाठ होती, तरी मीही बघितली नव्हती."

जोआना उठली आणि पडवीच्या पायऱ्या उतरून वाडीत गेली. ग्रेसीने तिला हाक मारली नाही. केळीच्या ओळींतून तिचा पिवळा कुडता दिसेनासा होईपर्यंत बघितलं आणि मग शाईचा डाग पडलेलं पाकीट फाडून नवं घेतलं. यादी जोआनाने चुरगळून टाकली होती, म्हणून आठवतील ती नावं लिहीत बसली. गावातली नावं तिला यादीशिवायही पाठ होती. कोण गेलं, कोण वांद्र्याला राहायला गेलं, कुणाच्या वाडीवर टॉवर झाला. काही पाकिटांवर आता मुलांची नावं घालावी लागत होती. आईबापांची नावं हात आपोआप लिहायला जायचा आणि ती त्याला आवरायची.

पाऊण तासाने जोआना आली. चपलांना ओली माती लागली होती, म्हणजे बावखलापर्यंत जाऊन आली होती. तिने पायरीवर बसून ॲल्रॉयला फोन लावला. तो ऑफिसात होता.

"डॅडी, मी होय म्हणतेय," ती म्हणाली. "विचारत नाहीये, सांगतेय. पण तुम्ही रागावणार असाल तर आत्ताच रागवा, मला लग्नात तुमचं तोंड बघायचं नाही."

पलीकडून ॲल्रॉय काहीतरी बोलला आणि जोआनाने फोन आजीच्या कानाला लावला.

"मम्मी, तू हिला काय शिकवलंस?"

"तारीख वाचायला शिकवली. तुला शिकवायची राहून गेली."

"तीन वर्षं आहेत अजून," तो म्हणाला. आवाज पडला होता, पण तुटला नव्हता. "तोवर मला सवय होईल. तिला म्हण, कर."

जोआनाने लॅपटॉप आणला, टेबलावरच्या पत्रिका सरकवून जागा केली आणि एक चौकोन दाबला. दाबताना तिने डोळे मिटले नाहीत, हे ग्रेसीने बघून ठेवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं की जागा राखून ठेवली आहे. ग्रेसीने ते दोनदा वाचायला लावलं.

"प्रिंट काढ याची," ती म्हणाली. "कागद हवा. आणि तू तिथे हजर कधी व्हायचंस ते विचार त्यांना. आकडे आले तर परत पाठव. म्हणावं, महिना अक्षरात लिहा."

"आजी, अमेरिकेच्या विद्यापीठाला तू सांगणार?"

"तू सांग. वकील तू होणार आहेस." मग नवं पाकीट पुढे ओढत ती म्हणाली, "आणि सॅमीच्या लग्नात कुणी आजोबांची ती खटल्याची गोष्ट काढली, तर मी उभी राहून खरं काय ते सांगणार आहे. पंचावन्न वर्षं दुसऱ्याच्या नावावर ठेवली, आता पुरे."

जोआनाने चुरगळलेली यादी मांडीवर सपाट केली. तिच्या तळव्याखाली कागद चुरचुरला. नाव वाचायच्या ऐवजी ती म्हणाली, "मी जाईन तेव्हा तू ऐंशीची असशील."

"असेन."

"नक्की?"

"वर माझीही जागा आहेच राखून," ग्रेसी पेनाचं टोपण काढत म्हणाली. "बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून. सांगते त्यांना, थोडं डिफर करा, नातीला विमानात बसवते आणि येते. त्यांनी अजून तारीख कळवलेली नाही. वाच पुढचं नाव."